मैफल टिपताना माइकची जागा

मैफलीचं एखादं रेकॉर्डिंग कसं उतरलंय हे पाहायचं असेल, तर गायकाच्या ताना ऐकत बसू नये. दोन आलापांच्या मध्ये गायक श्वास घेतो, तेवढ्या अवकाशात मागचा तानपुरा कसा वाजतोय ते ऐकावं. तानपुरा हे मैफलीतलं सगळ्यांत हळू वाद्य, आणि नादाच्या दृष्टीने सगळ्यांत भरलेलंही. घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागावर तार टेकते, तिच्याखाली सुती दोरा सरकवून जवारी लावतात, आणि मग एकाच तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या वरच्या पटीतले स्वर झरझर उमटत राहतात. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मूळ स्वराच्या पाचपट कंपनसंख्येचा तो उपस्वर असतो. रेकॉर्डिंगमध्ये हा गंधार शाबूत असेल, जवारीची झिलई कानाला जाणवत असेल, तर बाकीचंही बहुतेक सगळं नीट उतरलेलं असतं. तानपुऱ्याची नुसती अस्पष्ट गुणगुण उरली असेल, तर गायकाचा आवाज कितीही मोठा असो, ती मैफल आपण हॉलच्या पलीकडच्या टोकावरून ऐकतो आहोत असंच वाटत राहतं. आणि हा फरक बहुतेक वेळा यंत्राच्या किमतीमुळे पडलेला नसतो.

तरीही हा छंद नव्याने लागलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो रेकॉर्डरचा. कुठल्या कंपनीचा घ्यावा, किती बिटचा, ९६ किलोहर्ट्झवाला पुरेल की १९२ वाला हवा? प्रश्न स्वाभाविक आहे, कारण रेकॉर्डर हीच दिसणारी, हातात धरता येणारी वस्तू; तिच्यावर दिवे लुकलुकतात आणि तिच्या खोक्यावर आकडे छापलेले असतात. पण माझं म्हणणं असं आहे की ही खरेदी उलट्या दिशेने व्हायला हवी. माइक कुठे ठेवता येणार आहे हे आधी ठरवावं. त्यावरून माइक कुठल्या जातीचा लागेल ते ठरतं. त्या माइकला वीज, वायर आणि चॅनेल किती लागतील यावरून रेकॉर्डर ठरतो. आजचे स्वस्त रेकॉर्डर इतके चांगले झालेत की त्यांच्यातला फरक मैफलीच्या खोलीत क्वचितच ऐकू येतो. माइक चार हात पुढे-मागे केल्याने पडणारा फरक मात्र रेकॉर्डिंगबद्दल काहीच न कळणाऱ्या माणसालाही ऐकू येतो.

याचं कारण साधं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते. बंदिस्त जागेत मात्र माइकपाशी दोन तऱ्हांचा आवाज पोचतो: एक गळ्यातून किंवा वाद्यातून थेट आलेला, दुसरा भिंती, छत, फरशी यांवर आपटून फिरून आलेला. थेट आवाज अंतरासरशी झपाट्याने कमी होतो. घुमलेला आवाज खोलीभर जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे कुठेतरी असं एक अंतर येतंच, जिथे दोन्ही समसमान होतात. त्याच्या अलीकडे थेट आवाजाचं राज्य, पलीकडे घुमलेल्याचं. खोलीचं आकारमान आणि तिच्यात आवाज विरायला लागणारा वेळ, एवढ्या दोन गोष्टींवरून हे अंतर काढता येतं. नऊ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सव्वातीन मीटर उंच दिवाणखाना घ्या. गाद्या अंथरल्या आहेत, माणसं दाटीने बसली आहेत, त्यामुळे आवाज ०.६ सेकंदात साठ डेसिबलने खाली येतो. अशा खोलीत ते अंतर निघतं जेमतेम एक मीटर. आता चार हजार घनमीटरचं नाट्यगृह घ्या, जिथे आवाज विरायला १.३ सेकंद लागतात. तिथे ते निघतं सव्वातीन मीटरच्या आसपास. ध्वनिवर्धक नाही असं धरलं आणि चहूकडून सारखंच ऐकणारा माइक घेऊन कोणी बारा मीटरवरच्या रांगेत बसलं, तर त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये एक भाग थेट आवाज आणि चौदा भाग घुमलेला, असं प्रमाण पडतं. तोच माइक दीड मीटरवर आणला की थेट आवाज घुमलेल्याच्या साडेचारपट होतो. माणसाचा गळा समोरच्या दिशेला जास्त आवाज टाकतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे बरे येतील, पण चित्र बदलत नाही. बारा मीटरवर जे हरवलं ते कुठल्याही रेकॉर्डरला, कुठल्याही सॉफ्टवेअरला नीटसं परत आणता येत नाही, कारण ते माइकपर्यंत वेगळं असं पोचलेलंच नसतं.

मग माइक गायकाच्या तोंडाशीच का नेऊ नये? कारण मैफल एकट्या गळ्याची नसते. गायकाच्या एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे तानपुरे. तबलजी गायकापासून सव्वा मीटर बाजूला आणि तानपुरा एक मीटर मागे आहे असं समजा. माइक गायकासमोर अर्ध्या मीटरवर ठेवला, तर निव्वळ अंतरापायी तबला गायकापेक्षा साडेआठ डेसिबलने आणि तानपुरा साडेनऊ डेसिबलने खाली जातो. तानपुरा आधीच हळू, त्यात ही घट. तो दिसेनासा होतो आणि श्वास, ओठांचे आवाज, पानं उलटल्याची खसखस तेवढी पुढे येते. माइक दीड मीटरवर नेला की तोच फरक तबल्याचा सव्वादोन आणि तानपुऱ्याचा साडेचार डेसिबल एवढाच उरतो. म्हणजे बैठकीच्या खोलीत एकीकडून घुमणं आपल्याला पुढे ढकलतं आणि दुसरीकडून वाद्यांचा तोल मागे ओढतो, आणि या दोन्हींच्या मधली जागा साधारण दीड मीटरवर सापडते. उंचीचाही विचार करावा लागतो. कलाकार बसलेले असतात, डग्गा जमिनीलगत असतो; माइक खाली राहिला तर डग्गा अंगावर येतो. तो गायकाच्या डोक्याच्या किंचित वर नेऊन खाली वळवला, तर सगळ्यांची अंतरं आणखी जवळ येतात.

आता या जागेवरून माइक निवडू. त्या दिवाणखान्यात चहूकडून ऐकणाऱ्या, म्हणजे ओम्नी माइकसाठी सीमारेषा एका मीटरवर होती, आणि आपल्याला तर दीड मीटरवर बसायचंय. समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकणारा कार्डिऑइड माइक घेतला, तर ती रेषा सुमारे १.७ पट लांब सरकते आणि दीड मीटर तिच्या आत येतं. शिवाय त्याची पाठ श्रोत्यांकडे असते, त्यामुळे खोकला, कुजबुज, मोबाइल हे सगळं दबतं. म्हणून घरगुती बैठकीसाठी कार्डिऑइडची जोडी हे माझ्या मते सरळ उत्तर आहे. ओम्नीचे गुण वेगळे आहेत: त्याचा खर्ज खरा असतो, कडेने येणारा आवाज तो रंग न बदलता घेतो, वाऱ्याने आणि हाताळण्याने कमी खडखडतो. ज्याला रंगमंचाच्या कडेला, कलाकारांच्या अगदी जवळ जागा मिळते आणि जिथे खोली किंवा हॉल ऐकायला सुरेख आहे, त्याने ओम्नी घ्यावा. कार्डिऑइड दूर ठेवला की खर्ज पातळ होतो आणि फार जवळ नेला की फुगतो, हे तो घेणाऱ्याला माहीत असलेलं बरं. आणखी एक मोह लांब नळीच्या शॉटगन माइकचा. लांबून नेमका आवाज ओढून आणेल अशी त्याच्याविषयी समजूत असते. त्या नळीचा परिणाम मुख्यतः वरच्या पट्टीतल्या आवाजांवर होतो. खालचे आवाज ती फारसे निवडत नाही. भिंतींवरून परतणारे आवाज तिच्यात शिरले की त्यांचा रंग विचित्र होतो. बाहेर, मोकळ्यावर, चित्रीकरणात तो कामाचा आहे. हॉलच्या मागच्या रांगेतून मैफल टिपायला तो घेतला, तर पैसे खर्चूनही तानपुरा पुसटच येईल.

जोडी का, हेही सांगायला हवं. ईएमआयमधले अभियंते ॲलन ब्लुमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हापासून दोन माइक एकमेकांशी कुठल्या कोनात आणि किती अंतरावर असावेत यावर पुष्कळ काम झालं आहे. छांदिष्टासाठी दोन रचना पुरतात. एकीत दोन्ही माइकची तोंडं एकावर एक आणून त्यांत ९० अंशांचा कोन ठेवतात; हातात मावणाऱ्या अनेक रेकॉर्डरवर माइक असे पक्के बसवलेलेच असतात. दुसरी फ्रेंच रेडिओच्या अभियंत्यांनी १९६० च्या सुमारास बसवलेली: दोन कार्डिऑइड, मध्ये १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन. १७ सेंटिमीटर म्हणजे जवळपास आपल्या दोन कानांमधलं अंतर, म्हणून हेडफोनवर ही रचना विशेष खरी वाटते: तबला एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला, गायक मधोमध, तानपुरे पाठीशी पसरलेले. एका माइकच्या रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा गळ्याच्या आड जातो. दोन माइक असले की कान त्याला दिशेवरून वेगळं काढतो, आणि तेवढ्यानेच तो स्पष्ट होतो.

जागेला इतकं महत्त्व देणं हा पुस्तकी आग्रह आहे असं कोणाला वाटत असेल, तर या छंदाचा इतिहास पाहावा. मैफली टिपणाऱ्या रसिकांची सगळ्यांत मोठी परंपरा अमेरिकेत ‘ग्रेटफुल डेड’ या बँडभोवती उभी राहिली. बँडची त्याला हरकत नव्हती. पण चांगला आवाज मिळावा म्हणून रेकॉर्डिंग करणारे मिक्सरच्या पुढे गर्दी करू लागले, आणि त्यांच्या उंच स्टँडांच्या जंगलातून मिक्सरवरच्या माणसाला रंगमंच दिसेनासा झाला. अखेर ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कलीच्या कार्यक्रमांपासून त्यांच्यासाठी मिक्सरच्या मागे वेगळी जागा राखली गेली. या मंडळींकडे उत्तम माइक आणि उत्तम कॅसेट डेक होते, तरी त्यांची ओढाताण चालली होती ती पाच-दहा मीटर पुढे सरकण्यासाठी. आपल्याकडे याउलट घडलं. घरगुती बैठकींत स्पूलवर केलेली कितीतरी जुनी खासगी रेकॉर्डिंग आजही संग्राहकांकडून हातोहात फिरतात. त्या काळची सात इंची स्पूल, १२०० फूट टेप, सेकंदाला साडेसात इंच वेगाने एका बाजूला अवघी ३२ मिनिटं पुरायची. बडा ख्याल मध्येच तुटू नये म्हणून निम्म्या वेगाने टेप चालवावी, तर वरच्या पट्टीतला आवाज बोथट व्हायचा आणि फुसफूस वाढायची. आजच्या स्वस्तातल्या स्वस्त रेकॉर्डरपुढे ती यंत्रं आकड्यांत उभी राहणार नाहीत. पण बैठक लहान होती आणि माइक कलाकारापासून हाताच्या अंतरावर होता. म्हणून फुसफुशीतूनही आवाजाचा लगाव, सरगमेतली अक्षरं, तबल्याची चाट आजही कळते.

पहिला आक्षेप आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांचा येतो. चोवीस बिट, बत्तीस बिट, १९२ किलोहर्ट्झ हे सगळं मग कशासाठी? एक बिट म्हणजे सुमारे सहा डेसिबल. सोळा बिटांत ९६ डेसिबलचा पल्ला मावतो. बैठकीच्या खोलीत पंखा आणि माणसांची हालचाल धरून शांतता साधारण ३५ ते ४० डेसिबलची असते, आणि दीड मीटरवर तबल्याच्या जोरदार थापेचं टोक शंभराच्या थोडं पुढे जातं. म्हणजे प्रत्यक्षात टिपायचा पल्ला ६५-७० डेसिबलचा. चोवीस बिटांचा खरा फायदा एवढाच की लेव्हल निर्धास्तपणे खाली ठेवता येते: गाणं चालू असताना काटा उणे वीसच्या आसपास आणि सगळ्यांत जोराची थाप उणे सहाच्या आत राहिली की आवाज फाटायची भीती नाही. तेव्हा चोवीस बिट घ्यावेत, आणि ते आज अगदी साध्या रेकॉर्डरवरही मिळतात. बत्तीस बिट फ्लोट ही सोय अलीकडची. झूम कंपनीचा एफ६ रेकॉर्डर २०१९ मध्ये ती घेऊन आला आणि आता ती खिशात मावणाऱ्या यंत्रांतही आली आहे. लेव्हल लावायला विसरणाऱ्याला ती वाचवते, यात शंका नाही. पण माइकच आवाजाच्या ताणाने फाटला, तर फ्लोट त्याला वाचवू शकत नाही, आणि माइक चुकीच्या जागी असेल तर ती चूकही तेवढीच निर्मळपणे टिपली जाते. कंपनसंख्येचं म्हणाल, तर ४८ किलोहर्ट्झमध्ये २४ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज बसतो. माणसाचा कान तरुणपणीही वीस हजारांच्या पुढे जात नाही. ४८ किलोहर्ट्झ, चोवीस बिट, स्टीरिओ हे तासाला साधारण एक जीबी होतं, चार तासांची मैफल चार जीबीत मावते. त्याहून मोठे आकडे निवडले तर कार्ड भरतं, गाणं तेच राहतं.

दुसरा आक्षेप अगदी उलट टोकाचा: मोबाइल आहेच की सगळ्यांकडे! या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. पहिल्या रांगेत जमिनीवर ठेवलेला मोबाइल मागच्या रांगेतल्या महागड्या रेकॉर्डरपेक्षा चांगलं रेकॉर्डिंग देईल. माझ्या मूळ मुद्द्याला हा पुरावाच आहे. पण मोबाइलची घडण बोलणं टिपण्यासाठी झालेली असते. त्यातलं नेहमीचं रेकॉर्डिंग बहुधा लेव्हल आपोआप वर-खाली करतं. गायक थांबला की यंत्राला वाटतं आवाज कमी झाला, ते गेन वाढवतं, आणि तानपुरा व पंखा एकदम उसळून पुढे येतात. गायक समेवर आला, टाळ्या पडल्या, की सगळंच दबतं. विलंबित ख्यालात हळूहळू वाढत जाणारा आवाजाचा डौल अशा रेकॉर्डिंगमध्ये सपाट होऊन जातो. त्यात गोंगाट काढून टाकणारी सोय चालू असेल, तर सतत चालणाऱ्या तानपुऱ्यालाच ती गोंगाट समजते आणि कातरते. ही आपोआप चालणारी सगळी यंत्रणा बंद करता येईल असं ॲप वापरलं, मोबाइल विमानाच्या मोडवर टाकला आणि हातात न धरता स्टँडवर लावला, तर सुरुवातीला तो पुरेसा आहे. रेकॉर्डर घेतला, तरी त्यावर ऑटो लेव्हल असेल ती आधी बंद करावी.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. आता बहुतेक कार्यक्रमांना ध्वनिवर्धक असतोच. कलाकारांपुढे माइक लावलेलेच असतात. साउंडवाल्याला विनंती करून मिक्सरमधूनच लाइन घेतली, तर आपला माइक हवा कशाला? मोठ्या सभागृहात, जिथे सगळाच आवाज स्पीकरमधून येतो, तिथे ही युक्ती खरोखर उपयोगी पडते. तिथे आपला माइक कितीही पुढे नेला तरी तो स्पीकरच ऐकतो. पण मिक्सरमधला आवाज सभागृहाची उणीव भरून काढण्यासाठी बनवलेला असतो. लहान सभागृहात तबला मुळातच खणखणीत ऐकू येतो, म्हणून साउंडवाला तो स्पीकरमध्ये कमी सोडतो. लाइनवर घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मग तबला शेजारच्या खोलीत वाजतोय असं वाटतं आणि गळा कानाला चिकटतो. श्रोत्यांची दाद, खोलीची हवा यांचा तर पत्ताच नसतो. म्हणून जाणकार दोन्ही घेतात आणि घरी मिसळतात. इथे पहिल्यांदाच रेकॉर्डर कुठला हा प्रश्न खरा महत्त्वाचा होतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४६ मीटर वेगाने जातो; आपला माइक स्पीकरपासून पंधरा मीटरवर असेल, तर तिथे आवाज मिक्सरच्या लाइनपेक्षा ४३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तसाच मिसळला तर प्रत्येक थाप दुहेरी पडते. हा उशीर संगणकावर सरकवून जुळवता येतो, पण लाइन एका यंत्रावर आणि माइक दुसऱ्यावर घेतले असतील, तर दोघांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. दशलक्षात वीस भागांचा फरक असला, तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद निसटतात, आणि आलापात जुळलेला आवाज द्रुतात फुटतो. म्हणून चार चॅनेल एकाच यंत्रावर घेणारा रेकॉर्डर लागतो. मिक्सरची लाइन माइकपेक्षा कितीतरी जोरकस असते. ती माइकच्या इनपुटमध्ये घातली की आवाज फाटतो, हे साउंडवाल्याशी आधी बोलून घ्यावं.

जागेचा मुद्दा धरून ठेवला की परवानगीकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क मिळाला आहे. स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग त्या हक्काचा भंग ठरत नाही, पण ते वाटणं, विकणं, इंटरनेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि आयोजक आपल्या सभागृहात रेकॉर्डिंगला सरळ मनाई करू शकतात. मोठ्या महोत्सवांत तशी मनाई असल्याचं नवल नाही. तिथे आयोजकांची स्वतःची व्यवस्था असते. पण कायद्यापलीकडे आणखी एक गोष्ट आहे. खिशात लपवलेला रेकॉर्डर शर्टाच्या घासण्यासकट शेवटच्या रांगेतलं गाणं टिपतो. विचारून, कलाकाराच्या संमतीने लावलेला माइक दीड मीटरवर उभा राहतो. लपवून केलेल्या कामाला दहापट महाग माइक घेतला, तरी हे अंतर भरून निघत नाही. यावर कोणी म्हणेल, मोठ्या कलाकारांचं सगळं गाणं तर चित्रफितीसह उपलब्ध आहेच, मग हा खटाटोप कशाला? ते मोठ्या महोत्सवांपुरतं खरं आहे. सांगली, कोल्हापूर, मिरज, बेळगाव अशा गावांतल्या म्युझिक सर्कलच्या महिन्याच्या बैठका, गुरुपौर्णिमेला शिष्यांनी केलेलं गायन, एखाद्या वयोवृद्ध गवयाने घरी सांगितलेल्या बंदिशी यांच्यासाठी कोणी कॅमेरे घेऊन येत नाही. परवानगी सहज मिळते, खोली लहान असते, माइक जवळ ठेवता येतो. छांदिष्टाचं काम सगळ्यांत मोलाचं ठरतं ते इथे, आणि तेही कमी खर्चात. कलाकार नाही म्हणाला, तर मात्र यंत्र पिशवीतच राहायला हवं, आणि हो म्हणाला, तर रेकॉर्डिंगची प्रत त्याला आधी पोचायला हवी.

किरकोळ वाटणाऱ्या काही वस्तू मी महागड्या रेकॉर्डरच्या आधी घेईन. भक्कम, न डुगडुगणारा स्टँड हवा, आणि तो लाकडी रंगमंचावर ठेवायची वेळ आली तर त्याच्याखाली जाड फोमचा तुकडा. नाहीतर डग्ग्याची धमक फळ्यांमधून चढून माइकपर्यंत येते. कान पूर्ण झाकणारा हेडफोन हवा, कारण जागा बरोबर आहे की नाही हे काटा सांगत नाही, कानच सांगतो. कलाकार वाद्यं जुळवत असतात ती पाच मिनिटं ऐकून माइक वीतभर इकडे-तिकडे हलवायला असतात. कंडेन्सर माइकला बहुधा ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते आणि ती बॅटरी भराभर खाते, म्हणून पॉवर बँक. आणि पावसाळ्याचं एक: दमट हवेत कंडेन्सर माइकच्या पडद्यावर ओल धरली की तडतड सुरू होते. गुरुपौर्णिमा आषाढात येते. मुंबई, कोकण, गोवा इथल्या माणसाने माइक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत.

खर्चाचं गणित या सगळ्यातून आपोआप लागतं. सुरुवात करणाऱ्याने दोन माइक अंगचेच असलेला, लेव्हल हाताने लावता येणारा, बाहेरच्या माइकसाठीही जागा असलेला साधा रेकॉर्डर घ्यावा. शक्य असल्यास सेकंडहँड. तो स्टँडवर चढवून कलाकारांसमोर दीड मीटरवर उभा केला, की वर्षभर त्याला नावं ठेवायची गरज पडत नाही. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माइक शोधला, आणि चांगला कंडेन्सर माइक स्वस्तात बनू लागला. आज अशा रेकॉर्डरमध्ये बसतात त्या बहुतेक याच जातीच्या कॅप्सूल. पुढचा पैसा लहान आकाराच्या, एकमेकांशी जुळवलेल्या कार्डिऑइडच्या जोडीवर घालावा. चांगले माइक पंचवीस-तीस वर्षं टिकतात आणि त्यांची किंमत फारशी उतरत नाही. रेकॉर्डर पाच वर्षांत जुना होतो. अशी जोडी घेतली की दोन एक्सएलआर इनपुट आणि फँटम पॉवर असलेलं यंत्र लागेल. त्यापुढचा, चार चॅनेलचा रेकॉर्डर घ्यायची वेळ येते ती मिक्सरची लाइन आणि स्वतःचे माइक एकाच वेळी घ्यायला लागल्यावर. ती वेळ आली नसेल, तर तो घेऊ नये.